विषय: आई-बाबांसोबत जपान, नेहमीच्या यादीबाहेरचं काय?

नमस्कार मंडळी,
एप्रिलमध्ये आई-बाबांना घेऊन पहिल्यांदाच जपानला निघालेय. टोकियो, क्योटो, ओसाका, हिरोशिमा एवढं ठरलंय. शिबुयाचा चौक, फुशिमी इनारी होईलच. त्यापलीकडे काय दाखवू? बाबांचे गुडघे दुखतात आणि आई पक्की शाकाहारी आहे.
– अनघा

---

अनघा,
टोकियोत असाकुसाचं सेन्सोजी देऊळ सगळेच बघतात. तिथून सुमिदा नदीच्या बाजूने थोडं चाललं की मात्सुचियामा शोदेन हे देऊळ लागतं. तिथला कांगितेन म्हणजे आपला गणपतीच. मूर्तीचं दर्शन होत नाही, ती कायम बंद गाभाऱ्यात असते. पण नैवेद्य कशाचा, तर मुळ्याचा! आवारातच पांढरेशुभ्र, मनगटाहून जाड मुळे विकत मिळतात, ते वाहायचे. देवळात जागोजागी जोडमुळा आणि बटवा कोरलेला आहे. आईंना शोधायला सांग, रमतील. टेकडीवर जायला छोटीशी रुळांवरची गाडी आहे, त्यामुळे बाबांना पायऱ्या नकोत.

दुसरं, ओसाकाहून हिरोशिमाला जाताना ओकायामाला उतराच. शिन-ओसाकाहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पाऊण तास. तुमचं घर सिंहगड रस्त्याला, म्हणजे पु. ल. देशपांडे उद्यान पायाखालचं. ते ज्या कोराकुएनवरून केलं, ती बाग इथे आहे, १७०० साली पूर्ण झालेली. हिरवळीपलीकडे नदीपारचा काळा किल्ला दिसतो, तो जणू बागेचाच भाग. आत चहाचा मळा आहे, भाताचं छोटं खाचरही. पण माझा जीव जडलाय तो र्‍यूतेन नावाच्या लाकडी मंडपावर: भिंती नाहीत, आणि मधून चक्क पाण्याचा पाट वाहतो. काठाशी बसायला मिळतं. बाबांना तिथे निवांत बसू दे, घाई करू नकोस. सामान स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका, बागेसाठी शिरोशिता थांब्यापर्यंत ट्राम घ्या. क्योटोतलं एखादं देऊळ कमी झालं तरी चालेल, ओकायामा गाळू नका.
– सुधीरकाका

---

अनघा बाळा,
सुधीरभाऊंना अनुमोदन. टोकियोत एक दुपार साकुरा ट्रामसाठी ठेव. मिनोवाबाशी ते वासेदा, लोकांच्या परसदारातून जाते. मध्ये कोशिनझुकाला उतरून सुगामोच्या बाजारात जा, तिथे सगळं गिऱ्हाईक आजी-आजोबांचं. कोगानजी देवळात कानोनची, म्हणजे करुणेच्या बौद्ध देवतेची, मूर्ती आहे. आपलं जे दुखतं, मूर्तीचा तोच भाग ओल्या कापडाने पुसायचा. बाबांना गुडघा पुसू दे.

आईच्या जेवणाचं मात्र आधीच बघ. भाजीच्या रश्शात आणि सोबाच्या (जपानी शेवयांच्या) पाण्यातही बहुधा माशाचा अर्क, म्हणजे दाशी असतो. "मासे नकोत" म्हटलं तरी रस्सा त्यातच करतात. "कात्सुओ दाशी चालत नाही" असं जपानीत लिहून फोनमध्ये ठेव आणि मागवण्याआधी दाखव. क्योटोत शोजिन र्‍योरी, म्हणजे मठातलं जेवण मिळतं, ते आधी नोंदवून ठेव. तिथेही दाशीचं एकदा विचारून घे.
– सुनंदामावशी