मदत हवी आहे: हिवाळ्यातली विश्रांती आणि स-वू थांगचा काढा

नमस्कार मैत्रिणींनो,

माझं वय ४४. नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षं तैवानमध्ये, शिंचूला राहतोय. इथे बर्फ पडत नाही, पण हिवाळ्यात ईशान्येचा वारा इतका झोंबतो की या गावाला 'वाऱ्याचं शहर' असंच म्हणतात. गेलं वर्षभर पाळी लवकर येते आणि अंगावरून खूप जातं. सोनोग्राफीत गर्भाशयात लहानसा फायब्रॉइड, म्हणजे गाठ, दिसला, हिमोग्लोबिन ९.४ आहे. लोहाच्या गोळ्या सुरू आहेत, तरी संध्याकाळी पोळ्या लाटताना ओट्याला टेकावं लागतं.

शेजारी साठीच्या एक बाई राहतात. इथे मोठ्या बाईला 'आयी' म्हणतात, म्हणजे आपली मावशीच. नोव्हेंबरात लि-तोंगच्या दिवशी, म्हणजे त्यांच्या पंचांगात हिवाळा लागतो त्या दिवशी, त्यांनी माझे हात धरले आणि "किती गार!" म्हणत मला आत बसवलं. त्यांचं म्हणणं असं: हिवाळा हा मिटून घेण्याचा, साठवण्याचा काळ. चिनी वैद्यकाच्या 'ह्वांगती नेइचिंग' या जुन्या ग्रंथात हिवाळ्याचे तीन महिने लवकर झोपा, उशिरा उठा, ऊन येईपर्यंत थांबा, असं स्पष्ट लिहिलंय. त्याच ग्रंथात बाईचं आयुष्य सात-सात वर्षांनी मोजलंय: चौदाव्या वर्षी पाळी येते, एकोणपन्नासाव्या वर्षी थांबते. मी बेचाळीस ओलांडलेली, म्हणजे आता साठवायचं वय, असं आयींचं गणित.

खाण्याचं मला चटकन पटलं. त्यांच्या वैद्यकात हिवाळा मूत्रपिंडाचा, त्याचा रंग काळा, म्हणून काळे तीळ, काळं सोयाबीन, जोडीला अक्रोड, लाल खजूर (म्हणजे वाळवलेली चिनी बोरं), गोजीची लाल फळं. मी त्यांना डिंकाचे लाडू दिले तर त्या हरखल्या. त्यांच्याकडेही पीचच्या झाडाचा डिंक गोड सूपमध्ये घालतात. रात्री आल्याच्या गरम पाण्यात पाय बुडवून पंधरा-वीस मिनिटं बसायलाही सांगितलंय. ते मी करते आणि झोप खरंच बरी लागते.

अडलंय ते दोन ठिकाणी.

पहिलं, त्यांनी स-वू थांगची पाकिटं दिली आहेत. तांगक्वे, छ्वानश्योंग, पाइशाओ आणि शूती, अशा चार औषधींचा काढा. सोंग राजवटीपासून बायकांसाठी चालत आलेला. पाळी संपल्यावर घ्यायचा, पाळी चालू असताना नाही. पण एवढा रक्तस्राव आणि फायब्रॉइड असताना घ्यावा का? शिवाय त्या आचाव नावाचं औषध घ्यायलाही सुचवतात. ते गाढवाच्या कातडीपासून करतात हे कळलं. आम्ही शाकाहारी, त्यामुळे ते आणि तांगक्वे घातलेलं मटणाचं सूप दोन्ही बाद. शाकाहारी बायका त्याऐवजी काय घेतात?

दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ऊन येईपर्यंत झोपायचं कसं? पाच वाजता उठून दोन डबे करते. मला आठवतं, बाळंतपणात आईने सव्वा महिना हातात पाण्याचा तांब्याही उचलू दिला नव्हता. इथेही बाळंतीण महिनाभर 'बसते'. पण चव्वेचाळिसाव्या वर्षी कुणी बसवत नाही. तुमच्यापैकी कुणी घरच्यांशी बोलून असा हिवाळा काढला आहे का? नक्की काय बदललंत?

प्रतिसाद
ताई, मी ताइपेला असते. पाकीट परस्पर उकळू नका. इथल्या सरकारी आरोग्य विम्यात चिनी वैद्यही येतात, तेच कार्ड चालतं. सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट घेऊन जा, स्त्रीरोगतज्ज्ञांनाही आधी विचारा. माझी दोन्ही मनगटांची नाडी आणि जीभ पाहून वैद्यांनी स-वू थांग तेव्हा नकोच म्हटलं, कारण स्राव जास्त होता. पुड्या दिल्या त्या वेगळ्याच. शूती पचायला जड, माझं पोट बिघडायचं तेही त्यांनी विचारात घेतलं. आणि रक्त पातळ करणारी गोळी, वॉरफरिन वगैरे, चालू असेल तर तांगक्वे अजिबात नको. रक्तस्राव वाढतो. लोहाची गोळी आणि कुठलाही काढा यांत मला दोन तासांचं अंतर ठेवायला सांगितलं होतं. लोहाच्या गोळीवर लगेच चहाही नको.

झोपेचं म्हणाल तर मी रात्रीच भाजी चिरून, कणीक मळून ठेवते. सकाळचे डबे नवरा भरतो. पहिले आठ दिवस पोळ्या जाड व्हायच्या, मुलांनी खाल्ल्या.

धागाकर्ती
खूप आभार. वॉरफरिन वगैरे काही चालू नाही. पाकिटं कपाटात ठेवली, गुरुवारची वेळ घेतली. आयींना सांगितलं तर त्या स्वतःच सोबत येते म्हणाल्या, वैद्यांचं चिनी मला समजावून द्यायला. काल रात्री कणीक मळून ठेवली होती आणि आज साडेसहाला उठले. डबे नवऱ्याने भरले.

आचावऐवजी शाकाहारी काय, हे अजून कुणाला माहीत असेल तर नक्की लिहा. गुरुवारी वैद्यांनाही विचारते आणि इथेच कळवते.