मदत हवी आहे: सामोआतले फाआफाफिने आणि भाचरांचं गणित

पुरुषांमधली समलैंगिकता उत्क्रांतीत टिकली कशी? एक उत्तर ‘मदतनीस मामा-काका’: स्वतःला मुलं नसली तरी भाचरं-पुतण्यांना मदत करून त्यांच्यामार्फत आपली जनुकं पुढे जातात. हिशेब असा: स्वतःच्या मुलात निम्मी जनुकं, भाच्या-पुतण्यात सरासरी पाव. म्हणजे न झालेल्या एका मुलाची भरपाई म्हणून मदतीमुळे दोन जादा भाचरं जगायला हवीत. (समाजातलं मोल यावर ठरत नाही, हे उघड आहे.)

संशोधक पॉल वेसी यांना सामोआ या पॅसिफिक बेटांच्या देशात फाआफाफिने (जन्मतः पुरुष, पण स्त्रीसारखं राहणारे आणि बहुधा पुरुषांकडे आकर्षित होणारे लोक) भाचरांना हातभार लावायला इतर पुरुषांपेक्षा जास्त तयार दिसले. पण तयारी म्हणजे जगलेली भाचरं नव्हेत. शिवाय थोरले भाऊ जितके जास्त, तितकी समलैंगिक असण्याची शक्यता वाढते. त्यामुळे नमुन्यात मोठी कुटुंबं जास्त येतात, तिथे भाचरं मुळातच जास्त असतात आणि तुलना बिघडते.

भावंडांची संख्या सारखी धरून भाचरांची प्रत्यक्ष मोजणी कुठे झाली आहे का? मुंबई-पुण्यातली असेल तर उत्तमच.