ओव्या रेकॉर्ड करताना लावायला बंद हेडफोन हवेत, बजेट साडेचार हजार

शाळेतल्या_बाई

नमस्कार मंडळी. मी माण तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या आता 'पारी'च्या (ग्रामीण भारताबद्दलच्या संग्रहाच्या) संकेतस्थळावर वाचायला मिळतात, काही ऐकायलाही मिळतात. त्या वाचता वाचता माझी आत्या आठवली. तिलाही अशाच येतात, आणि आमच्या घरात आजवर कुणी त्या लिहून घेतल्या नाहीत. म्हणून दोन वर्षांपूर्वी झूमचा एच१एन रेकॉर्डर घेतला आणि सुट्टीच्या दिवशी आसपासच्या वस्त्यांवर जायला लागले.

मागच्या चैत्रात आत्या जात्यावर बसली. घरचं दळण थांबून पंचवीस वर्षं झाली, पण खुंटा हातात धरला आणि चाळीस मिनिटं एकामागून एक ओव्या आल्या. माहेराच्या, भावाच्या, पंढरीच्या. मी रेकॉर्डर तिच्यापासून हातभर लांब पाटावर ठेवला होता. कानात मोबाइलबरोबर आलेले साधे इयरफोन होते. मला सगळं छान ऐकू येत होतं. रात्री घरी येऊन लावलं तर ओव्यांच्या खाली सलग भरभर, भरभर. टेबलफॅनचा वारा सरळ माइकवर येत होता आणि जात्याचा हादरा पाटातून रेकॉर्डरमध्ये शिरत होता. निम्मे शब्द त्यात बुडालेत.

समोर बसलेली आत्या आणि रेकॉर्डरमधली आत्या, दोघींचा आवाज एकदमच कानावर पडत होता. त्यामुळे आत नक्की काय जातंय ते मला वेगळं कळलंच नाही. पावसाळ्यात आत्याचा दमा वाढला. आता ती दोन ओव्या म्हणते आणि थांबते. ते चाळीस मिनिटांचं पुन्हा होणार नाही, हे मला रोज टोचतं.

म्हणून आता हेडफोन घ्यायचे ठरवलेत. बाहेरचा आवाज अडवणारे, म्हणजे मागून बंद असलेले. बजेट साडेचार हजार, फार तर पाच. स्कूटीवरून जाते, त्यामुळे पिशवीत मावायला हवेत. चष्मा आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे चाळीस अंश होतं, आणि एका घरात दोन-दोन तास बसावं लागतं.

साताऱ्यात दुकानात विचारलं, तर एका मॉडेलवर ६४ ओहम लिहिलेलं होतं आणि "याला वेगळा अॅम्प्लिफायर लागेल" असं सांगितलं. दुसऱ्याने ब्लूटूथचे दाखवले. गोंधळ झालाय. कुणी असं काम केलं असेल तर सांगा.

बूमवाला_ठाणे

बाई, आधी एक सांगतो. जे झालं ते आमच्याकडे पहिल्या वर्षी प्रत्येकाचं होतं. मी लोकेशन साउंड करतो, म्हणजे शूटिंगच्या जागीच आवाज रेकॉर्ड करतो, मालिका आणि माहितीपट. ज्या खोलीत आवाज होतोय त्याच खोलीत बसून ऐकायचं असेल, तर हेडफोनचं पहिलं काम खोली बंद करणं. गोडवा वगैरे नंतर. उघड्या हेडफोनमध्ये आवाज काढणाऱ्या पडद्याच्या मागची बाजू जाळीतून मोकळी असते, त्यामुळे बाहेरचं आत येतं आणि आतलं बाहेर जातं. तुमच्या कामात दोन्ही नको. रेकॉर्डर हातभर लांब असेल, तर तुमच्या कानातला आवाज गळून परत माइकमध्ये जाऊ शकतो.

ब्लूटूथ सोडून द्या. एच१एनमध्ये ते नाहीच. वेगळा ट्रान्समीटर लावला तरी आवाज उशिरा येतो; आत्यांचे ओठ आधी हलतील आणि ओवी मागून येईल. मॉनिटरिंगला, म्हणजे रेकॉर्ड होतानाच ऐकायला, वायरच हवी.

ओहमचं. ओहम म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचं माप. दुकानदाराने घाबरवलंय. सेनहायझर एचडी २८० प्रो ६४ ओहमचा आहे, सोनीचा एमडीआर-७५०६ ६३ चा, आणि दोन्ही छोट्या रेकॉर्डरवर आरामात वाजतात. अडचण २५० ओहमच्या आसपास सुरू होते. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० अशा तीन प्रकारांत येतो, त्यातला २५० चा तुमच्या रेकॉर्डरवर दबका वाजेल. नुसत्या ओहमवरून आवाज किती येईल ते ठरत नाही, त्या हेडफोनची संवेदनशीलताही, म्हणजे तेवढ्याच ताकदीवर तो किती मोठा वाजतो तेही, बघावं लागतं.

आता नावं. मी गेली चौदा वर्षं ७५०६ वापरतोय. १९९१ पासून तो बाजारात आहे आणि आजही शूटिंगवर दर दुसऱ्या रेकॉर्डिस्टच्या गळ्यात दिसतो. माणसाच्या आवाजातला 'स' आणि 'श' टोचून दाखवतो, थोडा जास्तच. गाणी ऐकायला मला तो आवडत नाही, पण दोष शोधायला तोच. दुमडतो. वायर मात्र गुंडाळीची आणि न निघणारी, आणि हलका रेकॉर्डर ती ओढून खाली पाडते. माझा एक रेकॉर्डर असाच गेलाय. तुमच्या बजेटमध्ये नवा बसणार नाही. आणि कुठे फारच स्वस्त मिळाला तर घेऊ नका, याच्या नकला भरपूर फिरतात.

एचडी २८० प्रो बाहेरचं सगळ्यात चांगलं अडवतो. कंपनी ३२ डेसिबलपर्यंत म्हणते. पण डोकं चिमट्यात धरल्यासारखं होतं. चष्मा आणि दोन तास म्हणताय, तर मी तुम्हाला तो देणार नाही.

तुमच्यासाठी ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम२०एक्स. ४७ ओहम, साधारण १९० ग्रॅम, वायर सरळ ३ मीटर आणि एकाच बाजूने येणारी. २०१४ मध्ये या मालिकेचे चार भाऊ एकदम आले, त्यातला हा धाकटा. दुमडत नाही. एम३०एक्स दुमडतो, एम४०एक्सची वायर काढता येते, पण तिथवर पैसे ताणायची गरज मला दिसत नाही. न दुमडणारा हेडफोन कसा न्यायचा एवढाच प्रश्न उरतो. भाव रोज बदलतात, दोन ठिकाणी विचारा, आणि पक्कं बिल घ्या.

रोज_कर्जत_लोकल

मी नॉइज कॅन्सलिंगवाले वापरतो, वायरवरही चालतात. लोकलची घरघर जवळजवळ गायब होते. जात्याची घरघरही तशीच जाईल ना? मग बाईंना फक्त रेकॉर्डरमधलंच ऐकू येईल. जुना सेट मिळाला तर बजेटमध्ये बसेल.

बूमवाला_ठाणे

कल्पना चुकीची नाही. सलग चालणारे खालच्या पट्टीतले आवाज ते छान घालवतात, आणि साधे बंद हेडफोन नेमके तिथेच कमी पडतात हेही खरं. पण त्यांची स्वतःची एक बारीक सूं असते. शांत घरात ओवी संपल्यावर ती सूं कानात आली की रेकॉर्डरमधली की हेडफोनमधली, हे ठरवत बसावं लागतं. त्यात भर म्हणजे चार्जिंग. वस्तीवर बॅटरी संपली की काही सेट वायरवर वाजतच नाहीत, वाजले तर वेगळेच वाजतात. प्रवासाला ते घ्या, कामाला नको.

आणि बाई, अगदीच पैसे जमेपर्यंत रबरी टोकाचे, कानात घट्ट बसणारे वायरवाले इयरफोन वापरा. ते आवाज बरेच अडवतात. मात्र त्यांची वायर साडीला घासली की तो खरखराट थेट कानात येतो, आणि तोही रेकॉर्डिंगमध्ये गेलाय असं वाटून माणूस दचकतो. हा धडा मी एका लग्नात शिकलो.

चष्मा_आणि_मुलाखती

बाई, चष्म्याबद्दल मी सांगते, कारण बाकीच्यांना त्याचा त्रास नाही. मी मुलाखती ऐकून उतरवून काढते, दिवसाला पाच-सहा तास हेडफोन. चष्म्याची काडी पॅड आणि कातडीच्या मध्ये येते, तिथे फट पडते, आणि त्या फटीतून सगळ्यात आधी जातो तो खालचा आवाज. बेस नाहीसा होतो. म्हणजे तुम्हाला जी भरभर पकडायचीय तीच हेडफोनमध्ये पातळ ऐकू येईल आणि तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे.

करून बघा: एखादी खर्जाची जागा वाजत असताना दोन्ही कप हातांनी हलके दाबा. आवाज एकदम भरला तर फट आहे. मी जाड प्लास्टिकच्या काड्यांचा चष्मा बदलून तारेसारख्या पातळ काड्यांचा घेतला. अर्धा त्रास तिथेच गेला. काडी थोडी वर, कानाच्या टोकावरून घ्यायची. केसांचा अंबाडा खाली असेल तर पट्टी नीट बसते, वर असेल तर पुढे सरकते आणि पुन्हा फट.

पॅड नकली कातड्याचे असतात. घामाने दीड-दोन वर्षांत सोलतात, काळे कपटे गालाला चिकटतात. सुटे मिळतात, बदलता येतात. कापडी पॅड लावायचा मोह होईल उन्हाळ्यात. माझ्या अनुभवात हवा खेळते पण आवाजही खेळतो, बाहेरचं आत यायला लागतं. त्यापेक्षा दर अर्ध्या तासाने काढून कान पुसा. आजीबाईंनाही तेवढीच विश्रांती.

ऑन-इअर, म्हणजे कानावर टेकणारे, घेऊ नका. चष्म्यावर ते कानाची पाळी काडीवर दाबतात. माझं डोकं एका तासात दुखायला लागायचं.

बूमवाला_ठाणे

वरचं सगळं बरोबर. चष्म्याचं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

अजून एक, कारण हे मी फार वेळा पाहिलंय. हेडफोनमध्ये हळू ऐकू आलं की लोक रेकॉर्डिंगची लेव्हल वाढवतात. दोन बटणं वेगळी. लेव्हल मीटरवर बघून ठरवा: आत्या मोठ्याने म्हणतील तेव्हा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास यावा. हेडफोनचा आवाज एकदा ठरवा आणि दिवसभर त्याला हात लावू नका. आवाज तोच राहिला तरच "आज पंखा जास्त येतोय" हे कान सांगतो.

आणि लो कट, म्हणजे खालच्या पट्टीतले आवाज कापणारी सोय, लावू नका. जात्याची घरघर घालवायची नाही, ती ओवीचाच भाग आहे. पाय, श्वास, घरघर, सगळं मिळून ताल होतो. घालवायचाय तो जमिनीतून येणारा हादरा. रेकॉर्डरखाली गोधडीची चौपदरी घडी ठेवा. पाटावर नाही, पाट हादरा पोचवतो. माइकवर फोम किंवा केसाळ टोपी, पंखा बंद.

शाळेतल्या_बाई

अकरा दिवसांनी लिहितेय, माफ करा, परीक्षा होत्या.

एम२०एक्स घेतला, बजेटच्या आत बसला. दुकानात माझा रेकॉर्डर नेला, आत्याचंच ते भरभर वाजणारं रेकॉर्डिंग लावलं आणि दोन हेडफोन आलटून पालटून ऐकले. एकात भरभर ठळक आली, दुसऱ्यात जवळजवळ नाही. दुसरा ऐकायला जास्त छान होता. ठळक आली तो घेतला. चष्मा_आणि_मुलाखती ताईंनी सांगितलं तसं कप दाबून पाहिले, फट आहेच. पुढच्या महिन्यात चष्म्याचा नंबर तपासायचा आहे, तेव्हा काड्या बदलेन. तोवर रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटं चष्मा काढून ऐकते आणि मग लावते.

दुमडत नाही, म्हणून पुरणपोळ्यांचा पसरट स्टीलचा डबा काढला. आत टॉवेल. बरोबर बसला, स्कूटीच्या डिकीतही जातो.

रविवारी शेजारच्या वस्तीवर एका आजींकडे गेले, वय सत्त्याहत्तर. पंखा बंद, गोधडीची घडी, फोम. हेडफोन लावला आणि त्या बोलायच्या आधीच एक गूं ऐकू आली. साध्या कानाला घर अगदी शांत होतं. उठून शोधलं तर भिंतीपलीकडे फ्रिज. सुनेला सांगून तासभर बंद करवला. मग आजी बसल्या. मधेच टक् टक् यायला लागलं, तेही आधी मला कळलं नसतं: बांगड्या खुंट्याला लागत होत्या. बांगड्या काढा असं मी म्हणू शकत नव्हते. त्यांनीच विचारलं, "वाजत्यात व्हय गं?" आणि रुमाल बांधून बांगड्या कोपराकडे सरकवून घेतल्या.

प्रत्येक ओवीच्या आधी त्या श्वास घेतात तो ऐकू येतो. समोर बसून नाही आला, हेडफोनमधूनच आला.

संपल्यावर त्यांना ऐकवलं. आधी पदरावरूनच लावला, मग पदर मागे घेतला. तिसऱ्या ओवीला थांबवा म्हणाल्या. तिथे एक ओळ राहून गेली होती, सासरच्या वाटेवरच्या बाभळीची. ती वेगळी म्हणून दाखवली, ती पण घेतली.

काल आत्याकडे गेले. ती दोन ओव्यांच्या वर जात नाही, पण दोन तर दोन. रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर दोन घ्यायच्या असं ठरलंय, दम लागायच्या आत. जुन्या रेकॉर्डिंगमधले बुडालेले शब्द मी हेडफोनमध्ये तिला ऐकवते आणि ती सांगते तिथे काय होतं ते. कालपर्यंत नऊ ओव्या पूर्ण झाल्या.

एक विचारायचं राहिलं: ती ३ मीटरची वायर माझ्या पायात येते आणि एकदा जात्याच्या खुंट्यालाही अडकली. आखूड कशी ठेवता तुम्ही लोक?

बूमवाला_ठाणे

कापू नका. दोन मीटरची सैल गुंडाळी करा, घट्ट नको, आतली तार तुटते. वेल्क्रोच्या पट्टीने बांधा आणि गुंडाळी कमरेला खोचा. रेकॉर्डरच्या बाजूला हातभर मोकळी सोडा, म्हणजे तुम्ही मान वळवली तरी ओढ रेकॉर्डरवर जाणार नाही. वेल्क्रो शिंप्याकडे मिळेल.

शाळेतल्या_बाई

उद्या बाजाराचा दिवस आहे, आणते.