‘अकिको’ या जपानी स्त्रीनामाचा अर्थ

‘अकिको’ म्हणजे ‘शरदकन्या’, असे एका वाक्यात सांगून मोकळे होता येत नाही. ‘अकि’ म्हणजे शरद आणि ‘को’ म्हणजे मूल हे खरे; पण हा अर्थ ज्या स्त्रीच्या नावात शरदाचे चित्राक्षर लिहिलेले असेल तिच्यापुरताच. दुसरी अकिको आपले नाव सूर्य आणि चंद्र शेजारी मांडून होणाऱ्या ‘उजेड’ या अर्थाच्या अक्षराने लिहिते (आपल्या परिचयाचे चित्रपट-दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या नावातले अक्षर हेच), तर तिसरी वर एक आणि खाली दोन सूर्य असलेले, स्फटिकाची चमक दाखवणारे अक्षर घेते. म्हणून जपानी माणूसही नाव सांगताना ‘शरदातला अकि’ अशी फोड करून सांगतो.

कवयित्री योसानो अकिको (१८७८–१९४२) यांचे उदाहरण मला फार बोलके वाटते. साकाईतल्या मिठाईच्या व्यापाऱ्याच्या या मुलीचे मूळ नाव होते ‘शो’. जपानीत एकच अक्षर एकाहून अधिक प्रकारे वाचले जाते: तीन सूर्यांच्या अक्षराचे चिनी वळणाचे वाचन ‘शो’ आणि नावातले देशी वाचन ‘अकि’. त्यामुळे तेच अक्षर घेऊन, त्याला ‘को’ जोडून त्यांनी घरचे नाव न टाकता नवे नाव घडवले.

‘को’ हा मुळात स्त्रीप्रत्यय नव्हे. इ.स. ६०७ मध्ये चीनच्या स्वुइ दरबारी गेलेला जपानी दूत ओनो नो इमोको पुरुष होता, आणि त्याच्या नावातल्या ‘इमो’चे अक्षर तर धाकट्या बहिणीचे आहे! पुढे राजघराण्यातल्या व सरदारघराण्यांतल्या स्त्रियांच्या नावांत ‘को’ रुळला, आणि सामान्य घरांतल्या मुलींपर्यंत तो सर्रास पोहोचला तो मेइजी काळापासून (१८६८–१९१२). १९२६ मध्ये शोवा कालखंड सुरू झाल्यावर त्या कालनामातले ‘शो’ हे अक्षरही ‘अकि’ असे वाचून मुलींच्या नावांत आले.

लेखनाचे हे महत्त्व कायद्यातही दिसते: जपानच्या कुटुंबनोंदवहीत नावाची अक्षरे असत, वाचन नसे; ते नोंदवण्याची तरतूद २६ मे २०२५ पासून लागू झाली.

मराठीत ‘अकीको’ असे दीर्घ लिहू नये, कारण मूळ ‘कि’ ऱ्हस्व आहे. इतका की तोक्योच्या बोलीत त्यातला ‘इ’ जेमतेम कुजबुजल्यासारखा ऐकू येतो.