जुळ्या मुली एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) आहेत, बापाने नेमकं काय करायचं?

वाळपयकर

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) आम्हाला जुळ्या मुली झाल्या, ३३ आठवड्यांवर सिझर करावं लागलं. केस सुरुवातीपासून हाय रिस्क, कारण पिशव्या दोन पण वार (प्लासेंटा) एकच, म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी. अशा जुळ्यांत वारेतल्या रक्तवाहिन्या आपसात जोडलेल्या असतात आणि एकीचं रक्त दुसरीकडे जास्त जायला लागलं तर दोघींनाही धोका, असं डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलेलं. ते देवाच्या दयेने झालं नाही, पण एकीची वाढ मागे पडत गेली आणि वर बायकोचा बीपी चढला, लघवीत प्रोटीन जायला लागलं, मग थांबणं शक्य नव्हतं. मुलींच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं आधीच दिली होती.

एक १ किलो ८५०, दुसरी १ किलो ४२०. थोरली आता बिनऑक्सिजनची आहे, धाकटीला सीपॅप (नाकातून हवेचा दाब देऊन श्वासाला मदत करणारं मशीन) लावलेलं ते काल काढलं. दोघींना नळीने दूध जातंय.

मी होंड्याला कंपनीत कामाला, शिफ्ट सांभाळून वाळपय ते बांबोळी ये-जा चाललीय. तिथे गेलो की काचेजवळ उभा राहतो आणि काय करू ते सुचत नाही. एवढ्याशा अंगाला किती वायरी, हात लावायची भीती वाटते. सिस्टर म्हणाल्या उद्यापासून तुम्ही पण छातीशी घ्या, कांगारू केअर द्या. बापाने दिलं तर खरंच उपयोग होतो का, की नुसतं आमचं समाधान? आणि घरी आणल्यावर काय काय बघायचं? आई म्हणते धुरी आणि तेल पहिल्या दिवसापासून पाहिजेच. ज्यांच्याकडे अशी कमी वजनाची जुळी वाढलीत त्यांनी प्लीज सांगा.

फोंड्याचा जुळेबाप

अरे भावा पहिलं म्हणजे अभिनंदन, दोन मुलींचा बाप झालास, हे तुला या गडबडीत कोणी धड म्हटलंही नसेल.

उपयोग होतो आणि बापाने दिल्यावरही होतो. ही पद्धत १९७८च्या सुमारास कोलंबियात बोगोटाला सुरू झाली, तिथे इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून. नंतर २०२१ला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, दिल्लीचं सफदरजंगही त्यात होतं, एक किलो ते पावणेदोन किलोच्या आसपासच्या मुलांना तब्येत स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्याबरोबर छातीशी धरलं तर दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण २५ टक्क्यांनी कमी झालं. तुझ्या दोघी जवळजवळ त्याच वजनातल्या. उघड्या छातीवर बाळ उभं, बेडकासारखे पाय दुमडलेले, डोक्याला टोपी, खाली लंगोट, वरून कापड घट्ट बांधायचं. त्याने अंग गरम राहतं, श्वास आणि ठोके स्थिर होतात, वजन वाढतं. निदान तासभर तरी एका बैठकीला बस, पंधरा मिनिटांत काढून ठेवण्यात अर्थ नाही, त्यात बाळ उलट दमतं. आणि तुमच्यात जुळी आहेत हे विसरू नको, सिझर झालेली बाई एकटी दोघींना किती वेळ धरणार? एकीला ती, एकीला तू. वायरींची काळजी सिस्टरला करू दे, त्या लावून देतात. अंघोळ करून जा, नखं काप, अंगठी घड्याळ काढ, सेंट मारू नको, सर्दी असेल त्या दिवशी जाऊच नको.

अजून एक, रजेचं. सेंट्रल गव्हर्नमेंटमध्ये बापाला १५ दिवस मिळतात पण प्रायव्हेटला तसा कायदा नाही, म्हणजे तुझी जी काय शिल्लक रजा असेल ती सगळी आत्ता बांबोळीत संपवू नको. आत्ता मुलींना बघायला चोवीस तास माणसं आहेत. घरी आल्यावर पहिले दोन-तीन आठवडे रात्री तिथे कोणी नसणार, रजा तेव्हासाठी ठेव.

मडगावची सिस्टर

मी बरीच वर्षं नवजात विभागात काम केलंय, आता रिटायर. दादा, काचेजवळ उभे राहणारे बाबा मी खूप बघितले, आणि ज्या दिवशी बाळ छातीवर येतं त्यानंतर तेच बाबा आम्हाला येऊन सांगतात की आज हिने दूध किती घेतलं. तुमचंही तसंच होईल.

घरी कधी सोडतात ते सांगते म्हणजे रोज डॉक्टरांना ‘कधी सोडणार?’ विचारून जीव दमायला नको. बाळ तोंडाने सगळं दूध प्यायला लागलं, वॉर्मरशिवाय अंग गरम राहिलं, श्वास मध्येच थांबत नाही आणि वजन रोज थोडं थोडं वाढतंय, हे जमलं की सोडतात. सुरुवातीला वजन कमी होणार, घाबरू नका, सगळ्याच मुलांचं होतं आणि लवकर आलेल्यांचं जास्त. दोघी एकाच दिवशी सुटतील असंही धरून चालू नका.

डोळ्यांची तपासणी मात्र लिहून ठेवा! ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोच्या आतल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत बघून घ्यायचाच. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात, बाहेरून काही दिसत नाही, वेळेत कळलं तर उपचार होतो आणि उशीर झाला तर नजर जाऊ शकते. डिस्चार्ज झाला, घरी सगळं छान चाललंय म्हणून लोक ही तारीख चुकवतात. थोरली चांगली आहे म्हणून तिची सोडायची असं करू नका, दोघींची करा. कानाची पण.

धुरीला माझा स्पष्ट नकार. आजीच्या मनात माया आहे ते मला कळतं, पण या फुप्फुसांना धूर चालत नाही, मग तो धुपाचा असो, चुलीचा असो की सिगरेटचा. मध, घुटी, पाणी काही चाटवायचं नाही, फक्त दूध आणि डॉक्टरांनी दिलेले व्हिटॅमिन डी, लोहाचे थेंब. तेल लावणं बाळाचं वजन वाढायला लागल्यावर डॉक्टरांना विचारून हलक्या हाताने करता येतं, पण जोराने चोळणं, उलटं धरणं नको. झोपवताना पाठीवर. पावसात कपडे सुकत नाहीत, दमट घालू नका, इस्त्री फिरवा. दूध ओढेना, अंग गार लागतंय, मिनिटाला साठच्या वर श्वास, छाती आत ओढली जातेय, उठवून उठत नाही, यातलं काही दिसलं तर घरी थांबू नका, १०८ला फोन.

आणि बायकोचा बीपी. सगळ्यांचं लक्ष मुलींवर जातं पण अशा बाईचा बीपी बाळंतपणानंतरच्या आठवड्यात परत चढू शकतो आणि पुढचे सहा आठवडे सांभाळायला लागतं. डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, वरच्या पोटात दुखणं, दम लागणं, हे थकव्यावर ढकलू नका. बीपीचं मशीन घरी घ्या.

डिचोलीची आई

सिस्टरताईंनी शेवटी लिहिलं ते खरं तर सगळ्यात वर पाहिजे होतं. मी जुळ्यांची आई. माझ्यासाठी तेव्हा सगळ्यात कठीण होतं ते रिकाम्या हाताने वॉर्डात पडून राहणं, शेजारच्या खाटेवर बाळ रडतंय आणि आपली दोन्ही दुसऱ्या मजल्यावर. तुमची मिसेस बोलत नसेल तरी तिच्या मनात तेच असणार, मी नीट पोसलं नाही म्हणून धाकटी लहान राहिली असं ती स्वतःलाच लावून घेत असेल. तिला सांगा की वारेचा वाटा दोघींना सारखा मिळाला नाही, म्हणून एक बारीक राहिली, आईने खाण्या-न खाण्याने ते होत नाही. एकदा सांगून पुरत नाही हो, परत परत सांगावं लागतं.

दुधाचं पण. दर दोन-तीन तासांनी काढावं लागतं, रात्री सुद्धा, नाहीतर आटतं. पहिल्या दिवशी चमचाभर निघतं आणि रडू येतं. ती काढेल, पण पंपाचे भाग धुणं उकळणं, वरती नेऊन देणं, रात्री अलार्म लावून तिच्याबरोबर उठणं हे तुमचं. आणि तिला वेळेवर गरम उकड्या तांदळाची पेज, तिजण (नाचणीची खीर) काहीतरी पोटात गेलं पाहिजे.

दोघींची तुलना घरच्यांना पहिल्या दिवसापासून बंद करायला लावा. आमच्याकडे एकाने मान धरली, दुसऱ्याने नाही, आणि येणारा प्रत्येक पाहुणा तेच विचारायचा. वाढीचा हिशोब जन्मतारखेवरून नाही, डिलिव्हरीची जी मूळ तारीख होती तिथून धरायचा, दोन वर्षांपर्यंत. फक्त लसी जन्मतारखेप्रमाणे. बारशाला घाई करू नका, गर्दी नको. सटी (सहाव्या दिवसाची पूजा) राहिली म्हणून आजीला वाईट वाटत असेल तर तिला घरी दिवा लावू दे, त्याने कोणाचं काय बिघडत नाही.

वाळपयकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल धाकटीला घेतलं, दीड तास. पहिली दहा मिनिटं मी श्वासच धरून होतो, मग ती झोपली आणि मॉनिटरवरचे आकडे एकदम शांत चालले, सिस्टर म्हणाल्या असंच बसा. आज थोरलीची पाळी.

डिचोलीच्या ताई, तुम्ही लिहिलेलं मिसेसला वाचून दाखवलं, ती खूप वेळ रडली आणि मग म्हणाली की हेच कोणीतरी सांगायला पाहिजे होतं. बीपीचं मशीन आणतोय. डोळ्यांची तारीख दोघींच्या फाइलवर लिहून घेतली. आईला धुरीचं मी सांगितलं तर पटेना, पण रविवारी ती बांबोळीला येतेय, डॉक्टरांकडूनच ऐकवतो.

फोंड्याच्या भावाला विचारायचं होतं, घरी आल्यावर रात्री तुम्ही दोघांनी दूध कसं वाटून घेतलं? एक उठली की दुसरीला पण उठवून पाजायचं, की ज्याची त्याची वेळ ठेवायची?

फोंड्याचा जुळेबाप

एक उठलं की दुसऱ्याला पण उठवायचं. आमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं की कमी वजनाची मुलं भूक लागली तरी झोपून राहतात, तीन तासांच्या वर जाऊ द्यायचं नाही. वही ठेव, कोणी किती वाजता घेतलं, लंगोट किती ओले झाले, पहाटे चारला डोक्यात काही राहत नाही. आणि एकीच्या पायात रंगीत मोजे घाल, म्हणजे झोपेत कोण कुठली ते कळेल.