बँडमधल्या ‘रेस्ट’ला मराठीत काय म्हणायचं?

कोरीपाटी
शाळेच्या बँडमध्ये नव्यानं आलेल्या पाचवी-सहावीच्या मुलांसाठी चार पानांचं मराठी टिपण करतेय. पाच रेघा, स्वरांची चिन्हं, ठोके मोजणं, एवढंच. ‘रेस्ट’ला, म्हणजे ठरलेले ठोके न वाजवता गप्प राहायच्या खुणेला, मी सरळ ‘विश्रांती’ लिहिलं. पहिल्याच तालमीत चार ठोक्यांची विश्रांती आली, तर क्लॅरिनेटवाल्या पोरानं वाद्याला टोपी चढवली, ते मांडीवर आडवं टाकलं आणि पाणी प्यायला बाटली उघडली. पुढच्या घरात (दोन उभ्या रेघांमधल्या भागाला आम्ही घर म्हणतो) सगळ्यांनी सूर धरला तेव्हा हा झाकण फिरवत होता. विचारलं तर म्हणतो, “बाई, विश्रांती लिहिलंय.” त्याचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटेना. शब्द सुचवा.

अर्धविराम
विराम. संपला विषय.

खर्जातला
नाही संपला. विराम म्हणजे थांबणं. इथे आवाज थांबतो, मोजणी नाही. पाय आपला चालूच. मी ट्रॉम्बोनवर होतो, बारा-बारा घरं गप्प बसायला लागायचं. मनात ‘एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार’, म्हणजे पहिला आकडा घराचा. एकदा एक घर गाळलं आणि सगळे चूप असताना माझा एकट्याचा भोंगा वाजला. आमचे मास्तर रेस्टला ‘गप्प’ म्हणायचे. “दोन ठोके गप्प वाजव.” तोच घ्या.

वेलांटी
अवग्रह आहे की! सरगम लिहिताना ऽ येतोच.

तानपुरी
अहो, तसलं काही करू नका. ऽ म्हणजे आधीचं लांबवा. भातखंडे पद्धतीत स्वरांच्या ओळीत आडवी रेघ आणि खाली गीताच्या ओळीत ऽ, दोन्हींचं काम तेच. पेटी शिकलेली मुलं ते चिन्ह बघून दम संपेपर्यंत फुंकत राहतील.

वेलांटी
बरं, मग तालातली ‘खाली’, टाळी न देता हात नुसता फिरवायची जागा?

तानपुरी
खाली रिकामी नसते हो. तीनतालात नवव्या मात्रेला खाली, पण तबला वाजतच असतो. डग्ग्याचा घुमारा तेवढा आवरलेला.

मूळपुरुष
‘दम’ का नको? दम घेणे म्हणजे श्वास घेणे, दम धरणे म्हणजे वाट पाहणे. फुंकून वाजवणाऱ्याला दोन्ही करावं लागतं. ‘दोन मात्रांचा दम.’

साधासुधा
ड्रमवाल्यानं कसला दम घ्यायचा? बँड, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन चालतं, मग रेस्टनंच काय घोडं मारलंय? पोरं उद्या कुठल्याही बँडमध्ये गेली तरी तोच शब्द कानावर पडणार.

मूळपुरुष
मग ‘क्वार्टर नोट’ही (पाव स्वर) तसंच ठेवा आणि टिपण मराठीत आहे म्हणून फक्त क्रियापदं मराठी लिहा! पूर्ण, अर्धा, पाव हे शब्द पोराला आधीच येतात. पुढेही अडत नाही. आठव्या हिश्श्याला नवटाक, सोळाव्याला छटाक. शेराची मापं आयती आहेत.

साधासुधा
पाचवीच्या पोरांना नवटाक. पालकसभेला तुम्हीच या.

तानपुरी
:) मापं कशाला, छंदशास्त्र आहे. लघु १, गुरू २, प्लुत ३. पाव स्वर लघु धरला, तर टिंब देऊन दीडपट केलेला अर्धा स्वर म्हणजे नेमका प्लुत. जुन्या तालशास्त्रात चार लघूंचं काकपद आहे, अर्ध्या लघूचा द्रुत, त्याच्या निम्मा अणुद्रुत. अख्खी उतरंड तयार आहे.

अर्धविराम
काकपद म्हणजे हस्तलिखितात गाळलेलं अक्षर भरायची कावळ्याच्या पायाची खूण ना?

तानपुरी
तेही काकपदच.

खर्जातला
४/४ मध्ये, म्हणजे घरात पाव स्वराचे चार ठोके असतात तिथे, हे सगळं झकास. ६/८ चा मार्च घ्या. घरात दोनच ठोके पडतात आणि प्रत्येक ठोका टिंबवाल्या पाव स्वराचा. तिथे साधा पाव स्वर ठोक्याचा दोन-तृतीयांश होतो. मग त्याला एक मात्रेचा लघु कसं म्हणणार? ‘पाव’ हे हिश्श्याचं नाव, ‘मात्रा’ मोजणीचं. नवशिक्यांची पहिली गफलत इथेच होते, आणि आपण ती शब्दातच भरतोय.

मूळपुरुष
इंग्रजांनी तरी कुठे धड केलंय? ते पाव स्वराला क्रॉचेट म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ आकडी. आता पाव स्वराच्या काडीला आकडी असते का? नसते, ती आठव्याला असते. फ्रेंच लोक ‘क्रोश’ म्हणतात तेही आठव्यालाच. अवांतर: ‘मेझर’ (घराचं इंग्रजी नाव) आणि ‘मात्रा’ दोन्ही मोजण्याच्या एकाच आदिम धातूकडे जातात, म्हणून ‘घर’ हा शब्द मला खटकतोय.

कोरीपाटी
घर राहू द्या हो, मुलांनी लगेच उचललंय. दोन उभ्या रेघांच्या मधलं घर, त्यात ठोके राहतात. रेस्टचं मात्र सांगा. पूर्ण रेस्ट चौथ्या रेघेला लटकते, अर्धी तिसऱ्या रेघेवर बसते, हे मुलं विसरत नाहीत. पण लटकतंय ते काय, याला शब्द नाही. शिवाय घर तीन ठोक्यांचं असलं तरी ते अख्खं गप्प दाखवायला हीच लटकती खूण, म्हणजे ‘चार ठोक्यांची विश्रांती’ हेही माझं अर्धवटच.

वेलांटी
तुम्ही शार्पला, म्हणजे सूर अर्ध्या पायरीनं चढवायच्या खुणेला, काय लिहिलंय?

कोरीपाटी
तीव्र. आणि उतरवायच्या फ्लॅटला कोमल.

तानपुरी
मग सी शार्पला काय, तीव्र सा? सा आणि प अचल आहेत. तीव्र होतो तो फक्त म.

साधासुधा
शार्प लिहा.

खर्जातला
पेटीवाले पट्ट्या मोजून करतात तसं काळी एक म्हणा. भांडण मिटलं.

अर्धविराम
मिटलं कसं? आमच्या ट्रम्पेटवाल्याच्या कागदावर सी लिहिलेला असतो आणि पेटीवर तो सूर काळी पाचला सापडतो. त्याच्या वहीत कुठलं नाव घालणार?

मूळपुरुष
काळी पाच.

खर्जातला
अजिबात नाही. तो जे बोटांनी दाबतो ते नाव. ऑल्टो सॅक्सोफोनवाला शेजारी बसला की त्याच सीला तिसराच सूर निघतो, तेव्हा काय कराल?

तानपुरी
यासाठी वेगळा धागा काढा, मला बरंच लिहायचं आहे.