"एएम४ मेलं" म्हणणाऱ्यांनी आधी कॅबिनेट उघडून रॅम बघावी

काटकसरी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून एकच मशीन वेगवेगळ्या नावांनी विचारायला येतंय. इंटेलचा आय५-७४०० प्रोसेसर, एच११० मदरबोर्ड, डीडीआर४ रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक (२४०० स्पीडच्या), जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ४५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). सातव्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. हातात पंचवीस हजार. काय घेऊ?

आणि उत्तरही ठरलेलं. "एएम५ घ्या, बाकी सॉकेट मेले." (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा; एएम५ हा एएमडीचा नवा सॉकेट, एएम४ त्याआधीचा.)

मला हे उत्तर पटत नाही. एएम५ वर डीडीआर४ रॅम बसतच नाही. म्हणजे चालू स्थितीतली १६ जीबी रॅम ड्रॉवरमध्ये टाकायची आणि डीडीआर५ नव्याने घ्यायची, तीही २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले असताना. पंचवीस हजारांतला मोठा घास रॅमच खाणार. मग उरलेल्या पैशांत सगळ्यात हलका बोर्ड आणि सगळ्यात हलका प्रोसेसर. याला अपग्रेड कसं म्हणायचं?

माझी निवड सरळ आहे: एएमडीचा रायझन ५ ५६०० आणि बी५५० बोर्ड, दोन्ही एएम४ चे. ६ कोअर, १२ थ्रेड, ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी), ६५ वॉट. ७४०० मध्ये ४ कोअर, ४ थ्रेड होते. रॅम, कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट सगळं तेच राहतं. इंटेलच हवं असेल तर आय५-१२४००एफ आणि एच६१० (सॉकेट एलजीए १७००), पण बोर्ड डीडीआर४ चाच.

इथे एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. ५६०० आणि ५५०० या नावांत फरक एका आकड्याचा, मालात बराच. ५५०० आणि ५६००जी दोघांनाही कॅश १६ एमबी आणि पीसीआय एक्सप्रेस (कार्ड आणि एसएसडीची डेटाची वाट) ४.० ऐवजी जुनं ३.०, बोर्ड बी५५० असला तरी. दुकानदार "सेमच आहे" म्हणाला तरी मॉडेल नंबर पूर्ण वाचा.

सॉकेटशास्त्री

काटकसरी, तुमचा हिशेब आजच्या दिवसापुरता बरोबर आहे. पण बजेटवाला माणूस बोर्ड बदलतो सात-आठ वर्षांतून एकदा. तुमच्याच उदाहरणातलं ७४०० बघा, २०१७ चं. त्याच वर्षी कोणी एएम४ चा बी३५० बोर्ड घेतला असता, तर २०२२ मध्ये बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डावर रायझन ५८००एक्स३डी बसवता आला असता. एच११० वाल्याला सातव्या पिढीच्या पुढे रस्ताच नव्हता. सॉकेटचं भविष्य म्हणतात ते हेच.

एएम५ ला २०२७ आणि त्यापुढेही सपोर्ट देऊ असं एएमडीने जाहीर केलंय. एएम४ वर ५६०० घेणारा शेवटच्या स्टेशनच्या अलीकडे उतरतोय. पुढे जायचं तर ५७००एक्स किंवा ५८००एक्स३डी, तेही मिळाले तर. एलजीए १७०० चं तेच, १४ व्या पिढीनंतर इंटेलने २०२४ मध्ये एलजीए १८५१ आणला.

आणि २४०० च्या रॅमचं तुम्ही सोयीने विसरलात. रायझनमध्ये इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणारी वाट) रॅमच्या घड्याळाशी बांधलेलं असतं. ३२०० ची रॅम असेल तर ते १६०० मेगाहर्ट्झवर, २४०० ची असेल तर १२०० वर. म्हणजे ज्या रॅमसाठी एवढा जीव टाकताय, तीच नव्या प्रोसेसरचा लगाम.

माझा सल्ला: सहा महिने थांबा, पैसे जमवा, मग एएम५ चा रायझन ७६०० किंवा ७५००एफ घ्या.

काटकसरी

लगाम आहे, मान्य. पण गाडी कुठली, तेही बघा. १०८० पिक्सेलवर जीटीएक्स १६५० च आधी दमणार. ते कार्ड असेपर्यंत २४०० आणि ३२०० मधला फरक स्क्रीनवर शोधावा लागेल. कार्ड बदलाल तेव्हा तो दिसायला लागेल, मुख्यतः फ्रेम अधूनमधून अडखळण्यात.

शिवाय बी५५० वर रॅम हाताने वाढवता येते. पायरी अशी: व्होल्टेज १.२ वरून १.३५, स्पीड २६६६, टायमिंग ऑटो. मशीन चालू झालं की मेमटेस्ट८६ चा (रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचा) पूर्ण फेरा. एकही एरर नको. मग २९३३. तिथे एरर आली तर मागे या, हट्ट नको. अर्धवट स्थिर रॅम लगेच दिसत नाही, महिन्याभराने एखादी एक्सेल फाईल खराब होते तेव्हा कळते.

"सहा महिने थांबा" हा सल्ला सांगायला सोपा. तोवर सुरक्षा अपडेट नसलेल्या मशीनवर बँकेचे व्यवहार करायचे का?

थर्मलपेस्ट

दोघंही सॉकेटवर भांडताय, लोक मात्र अडकतात ते बोर्डावर. क्रमाने नाही, आठवेल तसं लिहितो.

एच६१० चं खरं रूप आधी समजून घ्या. रॅमचे दोनच स्लॉट. १२४००एफ बसवला तर डीडीआर४ ३२०० च्या वर जात नाही, आणि स्वस्त बोर्डांत व्होल्टेज हाताने बदलायची सोयही बहुधा नसते. म्हणजे वरची २४०० वरून २९३३ ची युक्ती तिथे धरून चालू नका. एसएसडीचा एम.२ स्लॉट प्रोसेसरऐवजी चिपसेटवरून (बोर्डाच्या मुख्य चिपवरून) येतो, तेव्हा जेन ४ ची (पीसीआय एक्सप्रेस ४.० ची) एसएसडी साधारणपणे जेन ३ च्या वेगाने चालेल. ऑफिसच्या कामाला काही बिघडत नाही, पण जेन ४ चे जास्तीचे पैसे कशाला मोजायचे? बी६६० किंवा बी७६० घेतलात तर दोन्ही अडचणी सुटतात.

एच६१०, बी६६० आणि बी७६० तिन्हींचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात, नावं जवळपास सारखी. बऱ्याचदा फक्त शेवटी "डी४" लिहिलेलं असतं. खोबणीची जागा वेगळी असल्याने एका प्रकारची रॅम दुसऱ्यात बसत नाही. जोर लावलात तर स्लॉट तुटेल.

७४०० चा कूलर एलजीए १७०० वर लागणार नाही. जुन्या सॉकेटला भोकांचं अंतर ७५ मिलीमीटर, नव्याला ७८. नवा बॉक्स प्रोसेसर घेतलात तर आत कूलर असतो. ट्रेचा (डब्याशिवाय सुटा) घेतलात तर नसतो, आणि वॉरंटीही सहसा विकणाऱ्याच्या शब्दावर. बॉक्स पीसला तीन वर्षं कंपनीची. मुंबईच्या लेमिंग्टन रोडवर भाव विचारताना "बॉक्स की ट्रे" आणि "पक्क्या बिलासकट का" हे दोन प्रश्न आधी विचारा. कच्च्या बिलाचा भाव स्वस्त वाटतो तो मुख्यतः १८ टक्के जीएसटीमुळे. पुढे सर्व्हिस सेंटरला तारीख दाखवायला कागद हातात राहत नाही.

आणि बायोस. ५६०० एप्रिल २०२२ मध्ये आला. त्याआधी कारखान्यातून निघालेला बी४५०, ए५२० किंवा बी५५० दुकानात धूळ खात पडलेला असेल तर तो या प्रोसेसरला ओळखेलच असं नाही. पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही, आणि माणूस प्रोसेसर खराब समजून परत जातो. बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसरशिवायही काम होतं: पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा, बोर्डाच्या माहितीपत्रकात दिलंय त्याच नावाने फाईल ठेवायची, खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्ये लावायचा, बटण दाबायचं, दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावायचा नाही. बटण नसेल तर बोर्ड घेतानाच दुकानात अपडेट करून मागा.

टॅलीवाला

सगळे गेमिंग धरूनच बोलताय. ज्याला टॅली, एक्सेल आणि ब्राउझरच चालवायचाय त्याने काय करायचं? आमच्यासारख्यांच्या मशीनमध्ये ग्राफिक्स कार्डच नसतं.

थर्मलपेस्ट

मग "एफ" अक्षर असलेला प्रोसेसर घेऊच नका. १२४००एफ आणि रायझन ५६०० दोघांतही ग्राफिक्स नाही. कार्डाशिवाय बोर्डाच्या एचडीएमआयला वायर लावून काळा पडदाच दिसेल. आय३-१२१००, एफ नसलेला, ४ कोअर ८ थ्रेड, सोबत एच६१० डीडीआर४. टॅलीला हे पुरून उरतं. वाचलेल्या पैशांत आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, कारण रोजचा खोळंबा तिथलाच असतो.

आणि "नवा" म्हणून विकले जाणारे एच६१, एच८१ चे बोर्ड तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या प्रोसेसरसह घेऊ नका, कितीही स्वस्त असू देत. विंडोज ११ चा प्रश्न तिथेच राहतो.

सॉकेटशास्त्री

आय३-१२१०० टॅलीसाठी, मान्य. पण गेमिंगवाल्याने दोन वर्षांनी कार्ड घेतलं तर? आरएक्स ६६००, आरटीएक्स ४०६० ही कार्डं ८ लेनचीच (लेन म्हणजे डेटाची एकेक पट्टी) आहेत. आरएक्स ६५०० एक्सटी तर ४ लेनचं आणि ४ जीबीचं. बी४५० किंवा ए५२० वर सगळं पीसीआय एक्सप्रेस ३.० ने चालणार. स्वस्त बोर्ड घ्या म्हणणारे हे सांगत नाहीत.

काटकसरी

म्हणूनच पहिल्याच पोस्टमध्ये बी५५० लिहिलंय, ए५२० नाही. बी५५० वर ५६०० असेल तर कार्डाचा स्लॉट आणि पहिला एम.२ दोन्ही ४.०. आणि तुमच्या एएम५ च्या बाजूनेही हीच मेख आहे. ग्राफिक्स आत आहे म्हणून लोक रायझन ८५००जी सुचवतात, त्यात पुढे कार्डासाठी फक्त ४ लेन मिळतात. ७६०० मध्ये तसं नाही, ग्राफिक्सही आहे आणि पूर्ण १६ लेनही. पण तो माझ्या पंचवीस हजारांत डीडीआर५ सकट बसवून दाखवा.

सॉकेटशास्त्री

आज नाही बसत. म्हणून तर थांबा म्हणतोय. रॅम आधीच चांगली ३२०० ची असेल तर मीही ५६०० च सांगेन. २४०० च्या स्टिकसाठी नाही.

परळकर

बोर्ड बदलताना विंडोजचं लायसन्स जातं का? आणि जुन्या एसएमपीएसला प्रोसेसरसाठी ४ पिनची एकच वायर आहे, नव्या बोर्डावर ८ ची जागा दिसते.

थर्मलपेस्ट

ब्रँडेड मशीनबरोबर आलेलं ओईएम लायसन्स बोर्डाला बांधलेलं असतं, ते जातं. वेगळं विकत घेतलेलं रिटेल असेल तर बोर्ड बदलायच्या आधी मायक्रोसॉफ्टच्या खात्याला जोडून ठेवा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, नव्या बोर्डावर ती मागितली जाणारच. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची असेल तर जुन्या बोर्डावर असतानाच ती जीपीटी या नव्या मांडणीत करून घ्या. मात्र तसं केल्यावर जुना बोर्डही यूईएफआय (नव्या पद्धतीच्या बायोसच्या) मोडवर टाकावा लागेल, आणि त्याआधी बॅकअप. नव्या बोर्डावर सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू व्हायची सोय) बंद, एफटीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू.

४ पिनची वायर ८ च्या जागेत एका बाजूच्या चार भोकांत बसते, लॉकची कडी जुळवून बघा. ६५ वॉटच्या प्रोसेसरला तेवढ्याने भागतं. एक चूक मात्र करू नका: एसएमपीएसमधून निघणारी ६+२ ची वायर ग्राफिक्स कार्डाची आहे. प्रोसेसरची ४+४ असते. दिसायला भावंडं, पण १२ व्होल्ट आणि अर्थ उलट बाजूंना. भोकांचे आकारही वेगळे असल्याने सहज बसत नाही. बसत नाही म्हणून दाबू नका.

इंटेलचा बोर्ड घेतलात तर सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवा, बॉक्सातच टाका. पिना सॉकेटमध्ये असतात, आणि झाकणाशिवाय आलेला किंवा पिन वाकलेला बोर्ड वॉरंटीत घेत नाहीत. एएम४ च्या रायझनला पिना प्रोसेसरच्या पोटाला. कूलर काढायच्या आधी मशीन दहा मिनिटं चालवा, पेस्ट मऊ होऊ द्या. मग बंद करून, वायर काढून, कूलर डावीकडे-उजवीकडे थोडा फिरवत उचला. सरळ वर ओढलात तर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, आणि मग मेकॅनिकल पेन्सिलीचं रिकामं टोक घेऊन एकेक पिन सरळ करत बसावं लागतं.